‘नू’ म्हणजे आम्ही की आपण?

गेल्या अंकात फ्रेंच विभागातल्या कामाबद्दल लिहिलं आणि शेवटी सहज म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचारा. लोकांनी मनावर घेतलं. बत्तीस वर्षं शिकवतेय, पण एवढे प्रश्न वर्गात एका सत्रात येत नाहीत. सात निवडले आहेत. काही पत्रांत एकच विचारणा होती, की फ्रेंच शिकलं तर नोकरी कुठे लागेल. त्यांना उत्तर द्यायला माझ्यापेक्षा हुशार माणसं आहेत.

फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिताना कानाला जे जवळचं वाटलं ते लिहिलंय. उच्चारशास्त्रवाल्या सहकाऱ्यांनी रागावू नये.

मॅडम, मी बी-टू पास आहे. बोलताना अडत नाही, मालिका सबटायटल्सशिवाय बघते. तरी एम.ए.च्या पहिल्या सत्रात उताऱ्याच्या पेपरला वीसपैकी आठ मिळाले. उताऱ्याचा अर्थ पूर्ण बरोबर लिहिला होता. मग मार्क गेले कुठे?
– एक विद्यार्थिनी

अर्थ बरोबर लिहिलात, तिथेच गेले.

बी-टू वगैरे पायऱ्या युरोप परिषदेने २००१ साली मांडलेल्या चौकटीतल्या. भाषेतून तुम्हाला काय काय करता येतं ते त्या मोजतात. मत मांडता येतं का, बातमी कळते का, तक्रारीचं पत्र लिहिता येतं का. चांगली चौकट आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण उताऱ्याचा पेपर, ज्याला आम्ही ‘एक्स्प्लिकासिओं द तेक्स्त’ म्हणतो, तो दुसरंच मागतो. उताऱ्यात काय घडलं ते परीक्षकाला ठाऊक असतं, उतारा त्यानेच निवडलेला असतो. तेच तुम्ही आपल्या शब्दांत त्याला परत सांगितलंत तर तो समासात लाल शाईने लिहितो, ‘पाराफ्राझ’. हा शब्द दोनदा दिसला की समजायचं, गाडी आठावर थांबली.

एक क्रियापद घेऊ. समजा उताऱ्यात एकामागून एक गोष्टी घडतायत. तो आला, टोपी ठेवली, दिवा लावला. हे सगळं ‘पासे सँप्ल’ या काळात आहे. हा काळ बोलण्यातून गेला, पुस्तकांत उरला. आणि मग येतं, ‘एल आतांदे’. काळ बदलला, हा ‘अँपार्फे’. आता मला मराठीत सांगा: ती वाट पाहत होती, की ती वाट पाहायची? आपल्याकडे दोन रूपं आहेत. आज संध्याकाळपुरतं वाट पाहणं वेगळं, वर्षानुवर्षं रोज वाट पाहणं वेगळं. फ्रेंचमध्ये दोन्हींना एकच रूप. बाकीच्या वाक्यांवरून कधी उलगडा होतो, कधी होत नाही. होत नसेल तर लेखकाने ते दार मुद्दाम लोटून ठेवलंय, बंद केलेलं नाही. या एका क्रियापदावर अर्धं पान लिहिता येतं, आणि लिहावं. तुमच्या उत्तरात त्यावर एक ओळ असती तर आठाचे अकरा झाले असते.

एवढ्याशा गोष्टीवर काय अर्धं पान, असं वाटेल. या एवढ्याशा गोष्टीपायी फ्रान्समध्ये एक कादंबरी कोर्टात उभी राहिली आहे. हे वाक्य बघा, माझंच आहे: ‘ती खिडकीपाशी गेली. आता कशाला येतोय तो!’ दुसरं वाक्य कोणाचं? अवतरणचिन्हं नाहीत, ‘असं तिला वाटलं’ नाही. शब्द तिचे, पण बोलतोय निवेदक. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ अशा वाक्यांनी भरलेली आहे, बहुतेक ती अँपार्फेमध्येच असतात. १८५७च्या जानेवारीत फ्लोबेरवर नीतिमत्तेला बाधा आणल्याचा खटला चालला. सरकारी वकील होते एर्नेस्त पिनार. नायिकेला व्यभिचारात जो आनंद होतो ती लेखकानेच व्यभिचाराची केलेली आरती आहे, असं त्यांनी धरलं. आनंद तिचा, की लेखकाचा? पिनारना हा प्रश्न पडला नाही. फेब्रुवारीत फ्लोबेर सुटला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच पिनारनी बोदलेरच्या कवितासंग्रहावर खटला चालवला, तिथे मात्र दंड झाला आणि सहा कविता काढायला लावल्या. ती बंदी १९४९पर्यंत उठली नाही. (१८५७ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुसरंच काही उभं राहतं. वर्गात दरवर्षी कोणीतरी दचकतंच.) माझ्या लेखी पिनार म्हणजे पाराफ्राझ करणाऱ्या वाचकांचे मूळपुरुष. काय लिहिलंय ते त्यांना चोख कळलं होतं, कसं लिहिलंय तिकडे लक्षच नव्हतं.

पुढच्या पेपराला पेन उचलण्याआधी उतारा पेन्सिलने चार वेळा वाचा. एकदा फक्त सर्वनामं, एकदा फक्त काळ, एकदा विरामचिन्हं, आणि शेवटी अर्थ. उलट्या क्रमाने वाचलंत तर अर्थ सगळं झाकून टाकतो.

आमची मुलगी फ्रेंचमध्ये पीएच.डी. करते. लोक विचारतात, फ्रेंचमध्ये संशोधन म्हणजे काय? मला सांगता येत नाही. रसायनशास्त्रात प्रयोगशाळा असते. तुमच्याकडे काय असतं?
– एक वडील

पेन्सिल असते. हस्तलिखितांच्या दालनात पेन नेता येत नाही, म्हणून पेन्सिल.

माझंच सांगते. फ्लोबेरने ‘मादाम बोव्हारी’ १८५१च्या सप्टेंबरात हातात घेतली आणि १८५६च्या वसंतात संपवली. साडेचार वर्षांहून जास्त. त्याने कच्चे खर्डे फेकले नाहीत. ते आता रुआं शहराच्या ग्रंथालयात आहेत, पुतणीने… नव्हे, भाचीने दिलेले. (मराठीत ‘नीस’चं काय करायचं हा आणखी एक जुना वाद. कारोलिन ही त्याच्या बहिणीची मुलगी, म्हणून भाची.) आराखडे, खर्डे आणि शेवटची प्रत मिळून पानं साडेचार हजारांच्या आसपास. छापील पुस्तक चारशे-पाचशे पानांचं. म्हणजे एका छापील पानामागे सुमारे दहा पानं खाडाखोड.

ते पान दिसतं कसं? मधोमध मजकुराचा खांब, डावीकडे रुंद समास, समासात घुसवलेली वाक्यं, त्या वाक्यांवर पुन्हा रेघा, रेघांच्या डोक्यावर बारीक अक्षरात दुसरा पर्याय, तोही खोडलेला. आणि पान नीट उतरवून झालं की त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोठी फुली. पहिल्यांदा ती फुली बघितली तेव्हा मला वाटलं, हे पान रद्द आहे, पुढे जाऊ. दोन दिवस मी फुलीची पानं सोडून वाचत होते. मग कळलं, की फुली म्हणजे ‘हे झालं’. किराणा यादीवर आपण टिकमार्क करतो तशी. दोन दिवस वाया गेले, पण कसं वाचू नये ते कळलं.

माझा प्रश्न साधा होता. जिथे छापील पुस्तकात अँपार्फे आहे तिथे खर्ड्यात आधीपासून तोच काळ होता, की आधी साधा भूतकाळ लिहून मग बदललाय? हे कोणाला आठवणीतून सांगता येत नाही, पानापानावर जाऊन बघावं लागतं. कधी एका परिच्छेदाला सहा-सहा अवतार असतात. त्यांचा क्रम आधी लावायचा. कागद, समास, कोणता शब्द कोणत्या खर्ड्यात पहिल्यांदा आला, यावरून. रसायनशास्त्रात नमुने असतात ना, तसेच हे आमचे नमुने. या पद्धतीला फ्रेंचमध्ये ‘जेनेतिक’ म्हणतात, पण जनुकांशी संबंध नाही. मजकूर कसा जन्मला त्याचा हा अभ्यास. पॅरिसमध्ये त्यासाठी १९८२पासून स्वतंत्र संस्था आहे.

एक चांगली गोष्ट घडली. २००९ साली रुआंच्या विद्यापीठाने हे सगळे खर्डे उतरवून इंटरनेटवर खुले केले. उतरवणारे बरेचसे स्वयंसेवक होते, हौशी माणसं. आता तुमच्या मुलीला नुसतं एक पान बघण्यासाठी तिकीट काढून जावं लागत नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ‘गालिका’ १९९७पासून आहे, तिथे जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या चाळता येतात. माझ्या वेळी मायक्रोफिल्मच्या यंत्राची मूठ फिरवून फिरवून मनगट दुखायचं. तरी प्रत्यक्ष पान हातात आलं की काय होतं ते पडद्यावर होत नाही. शाई कुठे दाट, कुठे विरळ, हे बोटांच्या अंतरावरूनच दिसतं. मुलीला एकदा तरी पाठवा.

विभागात सगळेच खर्डे वाचत नाहीत. एक सहकारी पहिल्या वर्षाच्या मुलांचे अनुनासिक स्वर रेकॉर्ड करून त्यांचे आलेख काढतो. एक जण ‘फ्रांतेक्स्त’ नावाच्या संग्रहात शब्द शोधते. नांसी शहरात सांभाळलेला हा संग्रह, शेकडो वर्षांच्या हजारो पुस्तकांचा. एखादं शब्दरूप कोणत्या दशकात वाढलं, कधी ओसरलं, हे ती सांगू शकते. एक जण शाळेतली पाठ्यपुस्तकं तपासतो, कारण मुलं भाषेआधी पुस्तकातली कुटुंबं शिकतात. लोकांना एवढं सांगा: प्रयोगशाळा आहे, फक्त तिला वास नाही.

कांद्याच्या फ्रेंच शब्दात ‘आय’ लिहायचा की नाही? नवीन पुस्तकात नाही, माझ्या शब्दकोशात आहे.
– एक शिक्षिका

दोन्ही बरोबर. १९९०च्या डिसेंबरात फ्रान्सच्या राजपत्रात लेखनाच्या दुरुस्त्या छापल्या गेल्या, साधारण दोन हजार शब्दांच्या. कांदा त्यात ‘आय’शिवाय आला, बऱ्याच शब्दांतल्या ‘आय’ आणि ‘यू’वरची टोपी गेली. जुनं लेखन मात्र चूक ठरवलं नाही. पस्तीस वर्षं झाली, लोक अजून भांडतात. वर्गात मी दोन्ही चालवते. एकाच निबंधात एकदा असं आणि एकदा तसं मात्र चालवत नाही.

भाषांतर आता यंत्र करतं. माझा मुलगा उतारा टाकतो आणि क्षणात मराठी बाहेर. मग विद्यापीठात ‘व्हेर्सिओं’चे, म्हणजे फ्रेंचमधून मराठीत भाषांतराचे, तास कशाला? खरं उत्तर द्या, भावनिक नको.
– एक वाचक

खरं उत्तर देते. सूचनापत्रकं, करारांचे मसुदे, हॉटेलची पत्रं, यांसाठी मीही यंत्र वापरते आणि लाजत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी घरी वापरलं तर मला कळतं, आणि मी ते आता पकडायच्या भानगडीत पडत नाही. मी यंत्राचं भाषांतरच वर्गात वाटते.

गेल्या सत्रात वाटलं होतं ते सांगते. पुन्हा फ्लोबेरच, माफ करा. कादंबरीचा पहिला शब्द आहे ‘नू’. शाळेचा वर्ग, मुलं बसलीयत, नवा मुलगा आत येतो. ‘नू’ म्हणजे वर्गातली मुलं, तीच गोष्ट सांगतायत. आणि गंमत अशी, की हा ‘नू’ पहिल्या प्रकरणानंतर नाहीसा होतो, पुन्हा येत नाही. यंत्राने लिहिलं, ‘आम्ही’.

मी विचारलं, बरोबर आहे?

वर्ग म्हणाला, बरोबर.

‘आपण’ का नाही?

पाच मिनिटं कोणी बोललं नाही. फ्रेंचला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक माहीत नाही, इंग्रजीलाही नाही. मराठीला आहे. ‘आम्ही’ म्हटलं की वाचक बाहेर उभा राहतो, ‘आपण’ म्हटलं की तोही बाकावर येऊन बसतो. नव्या मुलाला हसणाऱ्यांत वाचकाला बसवायचं की नाही? एक मुलगा म्हणाला, बसवलं तर वाचकही थोडा दोषी होतो. एक मुलगी म्हणाली, पण वाचक तिथे नव्हताच, त्याला कसं बसवणार, मराठीत ते खोटं वाटेल. तास संपला तरी भांडण चालू होतं. शेवटी बहुमत ‘आम्ही’लाच मिळालं. म्हणजे यंत्राचंच उत्तर. पण यंत्राने ते निवडलं नव्हतं, त्यांनी निवडलं.

तुमच्या मुलाला घरी एक वाक्य टाकून बघायला सांगा: ‘एल आ प्री सों साक.’ तिने बॅग घेतली. कोणाची? फ्रेंचमध्ये ‘सों’ हे रूप बॅगेच्या लिंगाप्रमाणे ठरतं, मालकाच्या नाही. म्हणजे त्याची, तिची, आपली, तिन्हींना ‘सों’. मराठीत एक तरी निवडावंच लागतं. ‘तिने त्याची बॅग घेतली’ आणि ‘तिने आपली बॅग घेतली’, एका वाक्यात ती चोर आहे, दुसऱ्यात घर सोडून निघालीय. मागचा-पुढचा परिच्छेद दिलात तर यंत्र बहुधा बरोबर ओळखेल. नसेल दिला तर ते काहीतरी लिहून मोकळं होईल, आणि आपण काही निवडलं हे तुम्हाला सांगणार नाही. आमच्या मुलांना मी हेच शिकवते, की निवड कुठे झाली ते बोट ठेवून दाखवा. मार्क त्या बोटाला आहेत.

व्हेर्सिओंपेक्षा ‘तेम’, म्हणजे मराठीतून फ्रेंचमध्ये नेणं, आता अवघड झालंय, हे खरं. तिथे मला अजून मार्ग सापडलेला नाही. सध्या तेम वर्गातच लिहून घेते, कागदावर.

मला पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच लिहिणाऱ्या लेखकांवर पीएच.डी. करायची आहे. आमचे सर म्हणतात, आधी ‘खरं’ फ्रेंच साहित्य घे, हे नंतर बघू. काय करू?
– एक संशोधक विद्यार्थी

सरांशी भांडू नका. त्यांच्याकडे एक पान घेऊन जा.

आयव्हरी कोस्टचे आहमादू कुरुमा यांच्या पहिल्या कादंबरीचं, ‘ले सोलेय देझँदेपांदांस’चं, पहिलं पान. सुरुवातीलाच एक माणूस मेल्याची बातमी आहे. पण ‘मेला’ असं तिथे नाही. क्रियापद आहे ‘फिनीर’, संपणं. तो संपला. शिकलेल्या फ्रेंच वाचकाला हे अडखळवतं, कारण फ्रेंचमध्ये माणूस असा नुसता ‘संपत’ नाही. कुरुमांच्या मालिंके भाषेत संपतो. त्यांनी मालिंकेतलं बोलणं फ्रेंच शब्दांच्या अंगावर चढवलं. आणि मराठी वाचकाचं काय होतं? काहीच अडत नाही! ‘गेला बिचारा, संपला’ हे आपण रोज म्हणतो. म्हणजे या वाक्याचे तुम्ही पॅरिसच्या वाचकापेक्षा जवळचे वाचक आहात. प्रबंधासाठी यापेक्षा चांगली जागा मला तरी सुचत नाही.

त्या पुस्तकाचा प्रवासही सरांना सांगा. फ्रान्समधल्या प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. शेवटी १९६८ साली ते छापलं गेलं ते समुद्रापार कॅनडातल्या माँरेआलच्या विद्यापीठ प्रकाशनाकडून, आणि पॅरिसमध्ये आलं १९७०ला. ‘खरं’ फ्रेंच कोणतं हे त्या काळी काही संपादक ठरवत होते, आणि ते चुकले. पुढे फ्रेंच अकादमीनेच, १६३५पासून चाळीस खुर्च्या राखून बसलेल्या त्या संस्थेने, १९८३ साली सेनेगलचे कवी आणि माजी राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांना आणि २००५ साली अल्जीरियाच्या आसिया जेबार यांना निवडलं. सरांना अकादमीबद्दल आदर असेल तर हा मुद्दा लागू पडेल. नसेल तर तोंडातून काढू नका.

आता तुमच्यासाठी दोन शब्द कडक. ‘पश्चिम आफ्रिकेतले लेखक’ हा विषय नाही, तो नकाशा आहे. डझनभर देश, शंभराच्या वर भाषा. सर ‘नंतर बघू’ म्हणाले त्यामागे हीच भीती असू शकते, आणि ती रास्त आहे. दोन पुस्तकं घ्या. कुरुमांचं हे, आणि सेनेगलच्या मारियामा बा यांची १९७९ची पत्ररूप कादंबरी, जी एका विधवेने मैत्रिणीला लिहिलेलं एक लांबलचक पत्र आहे. एक प्रश्न घ्या: फ्रेंच नसलेला शब्द पानावर आला की लेखक त्याचं काय करतो? तळटीप देतो, वाक्यातच समजावतो, तिरप्या अक्षरात टाकतो, की सोडून देतो? मोजा. तळटीप कोणासाठी असते याचा विचार करा. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिला आधीच माहीत असलेला शब्द कोणी समजावून सांगत नाही. म्हणजे पत्र एकीला आणि तळटीप दुसऱ्याच कोणाला. तिथून प्रबंध सुरू होतो.

आणि मालिंके शिका. निदान वर्णमाला, नात्यांचे शब्द आणि क्रियापदं. फक्त फ्रेंचच्या जोरावर कुरुमा वाचणं म्हणजे एका कानाने गाणं ऐकणं.

फ्रेंच ‘यू’ मला जमत नाही. बाई वर्गात ‘पुन्हा’ म्हणतात आणि मुलं हसतात.
– प्रथम वर्ष

‘ई’ म्हणा. लांब, थांबू नका. जीभ आहे तिथेच ठेवा, हलवू नका, आणि ओठ मात्र हळूहळू ‘ऊ’ म्हणताना करतो तसे पुढे न्या. जो विचित्र आवाज निघेल तो बरोबर. आरशासमोर दहा दिवस करा. आपली अडचण अशी, की ‘ऊ’चे ओठ केले की जीभ सवयीने मागे पळते.

घाबरू नका, तुमच्या हातात काही पत्ते चांगले आहेत. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ दाताला लागतात, अगदी आपल्यासारखे. ‘प’ आणि ‘क’मध्ये हवेचा झोत नसतो, तोही आपल्यासारखा. इंग्रजी बोलणाऱ्यांना यासाठी महिने लागतात, तुम्हाला फुकट मिळालंय. पण अनुनासिकांत मराठी माणूस घसरतो. आपण ‘बों’, म्हणजे ‘चांगला’, म्हणायला जातो आणि शेवटी जीभ टाळूला टेकवून ‘बॉन’ करून टाकतो. आणि ‘बॉन’ हा तिथे वेगळाच शब्द आहे, त्याच विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप. जीभ खाली दाबून धरा.

हसण्याबद्दल सांगते. मी सत्तावीस वर्षांची असताना पॅरिसमध्ये पहिला निबंध वाचला, एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांच्या नायकांवर. फ्रेंचमध्ये अनेकवचनी ‘ले’नंतर स्वर आला की मध्ये ‘झ’ येतो. मित्र म्हणजे ‘ले झामी’. नायक म्हणजे ‘एरो’. मी आत्मविश्वासाने म्हटलं, ‘ले झेरो’. पण ‘एरो’ला ‘झ’ लागत नाही, त्याच्या सुरुवातीला न उच्चारलेला पण अडवणारा ‘एच’ आहे. वीस मिनिटं मी फ्रेंच कादंबरीतल्या शून्यांबद्दल बोलत होते. शून्यांची शोकांतिका, शून्यांचं समाजातलं स्थान. पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होते, मला वाटलं निबंध भिडला. त्याहून खोडसाळ म्हणजे ‘एरोईन’, नायिका, तिचा ‘एच’ अडवत नाही. तिथे ‘झ’ हवाच. का? नियमाला बायका-पुरुषांत फरक करायची हौस, एवढंच मी वर्गात सांगते.

गेल्या अंकात तुम्ही लिहिलंत, की फ्रेंच बोलणारे सगळे ९०ला ‘चार-वीस-दहा’ म्हणतात. मी ब्रुसेल्समध्ये चार वर्षं काढली. कोणी म्हणत नाही.
– एक वाचक

चूक माझी. बेल्जियममध्ये ९० म्हणजे ‘नोनांत’ आणि ७० म्हणजे ‘सेप्तांत’, स्वित्झर्लंडमध्येही तसंच. फ्रान्समध्ये मात्र साठ-दहा आणि चार-वीस-दहा, त्यामुळे ९७ सांगताना चार-वीस-दहा-सात होतं आणि फोन नंबर लिहून घेणारा रडकुंडीला येतो. ‘सगळे’ हा शब्द मी लिहायला नको होता, विद्यार्थ्यांच्या निबंधात मी तो दरवेळी खोडते.

तुमचं पत्र वर्गात वाचून दाखवलं. मुलं खूश झाली, बाई चुकल्या म्हणून आणि नोनांत सोपं म्हणूनही. एकीने लगेच विचारलं, मग बेल्जियममध्ये ८०ला काय, ‘उइतांत’? मी म्हटलं, ते स्वित्झर्लंडच्या काही भागांत. बेल्जियमवाले ७० आणि ९० सोपं करून ८०ला पुन्हा ‘चार-वीस’वरच येतात. तिने वही मिटली.